निम्मी गोष्ट तिची

तुझी गोष्ट वाचली. आवडली. आता तिच्यातला निम्मा मजकूर खोड असं म्हटलं तर फुगून बसशील, म्हणून आवडली हे आधीच सांगून टाकलं.

रागावू नको, ऐक. परवा फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, गोष्ट पूर्ण झालीय, आता मैत्रिणीकडून चित्रं काढून घेतली की झालं.’ तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. अगं, चित्रं काढून घ्यायला ती काही रंगारी नाही आणि तुझी गोष्ट म्हणजे भिंत नाही. चोवीस पानांचं, लहान पोरांच्या हातात जाणारं पुस्तक करताय तुम्ही दोघी मिळून. तिनं हो म्हटलं त्या दिवसापासून ते तुझ्या एकटीचं राहिलेलं नाही. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढची निम्मी भांडणं होतच नाहीत. उरलेली निम्मी व्हावीत. त्यांच्याशिवाय पुस्तक बरं होत नाही.

तुझ्या गोष्टीतलं ते लाइट जातात ते पानच घेऊ. तू लिहिलंयस: ‘अचानक लाइट गेले. खोलीभर काळाकुट्ट अंधार पसरला. आजीनं कोनाड्यातला कंदील उचलला. पांढरीशुभ्र मनी मांजर घाबरून पलंगाखाली जाऊन बसली होती आणि तिचे हिरवे डोळे चमकत होते.’ वाक्यं नीट आहेत, शुद्धलेखनही नीट आहे. पण तुझी मैत्रीण या पानावर करणार काय? अंधार तूच पसरलास, कंदील तूच उचललास, मांजर तूच पलंगाखाली ढकललीस, वर तिचे डोळेही हिरवे रंगवून मोकळी झालीस. आता तिनं फक्त तुझ्या वाक्यांची नक्कल करायची. मूल ऐकणार ‘मांजर पलंगाखाली’, चित्रात बघणार तर मांजर पलंगाखाली. संपलं. पान उलटलं.

हेच असं करून बघ. डाव्या पानावर ‘लाइट गेले.’ उजव्या पानावर ‘मने? ए मने?’ बस, एवढंच. अख्खा अंधार तिला देऊन टाक. पलंगाखाली दोन डोळे दाखवायचे, की कपाटामागून शेपटीचं नुसतं टोक, की कंदिलाच्या उजेडात भिंतीवर पडलेली भलीमोठी सावली, ते ती बघेल. गंमत अशी की मनी कुठंय ते गोष्टीतल्या मुलीला माहीत नाही, तुझ्या शब्दांनाही माहीत नाही, पण मांडीवर बसून ऐकणाऱ्या चार वर्षांच्या पोराला चित्रात दिसलेलं असतं. ते पानावर बोट आपटून ओरडतं, ‘ती बघ, तिथंय!’ वाचून दाखवणाऱ्या आईपेक्षा त्याला जास्त कळलेलं असतं. तुझ्या चार वाक्यांनी हा आनंद त्याच्या हातून काढून घेतला होता.

मग शब्द ठेवायचे कशाला, असं विचारशील. जे काढता येत नाही त्याला. रॉकेलचा वास तिला काढता येणार नाही, तो तुझा. आजी कंदील पेटवताना ‘अगो बाई, काडी विझली’ म्हणते ते तुझं. काल काय झालं, उद्या काय होणार, कुणाच्या मनात काय चाललंय, नावं, आवाज, गाण्याची ओळ, सगळं तुझं. पण फ्रॉकचा रंग, अंगणातलं झाड, आजीचा चष्मा, हे तिच्यासाठी सोड. फ्रॉक लाल असल्यावाचून गोष्ट पुढेच सरकत नसेल तरच लाल लिही.

हे सगळं कागदावर बघितल्याशिवाय पटायचं नाही, म्हणून आधी डमी करा. दोघी मिळून, जमिनीवर बसून. ए-फोर आकाराचे सहा कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घाला, मधे दोन पिना मारा. चोवीस पानं झाली. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर प्रकाशक-मुद्रक वगैरे बारीक अक्षरांतला मजकूर. तिसऱ्या पानावर गोष्ट सुरू झाली तर तुझ्या हाती ते एक सुटं पान, मग समोरासमोरच्या पानांच्या दहा जोड्या आणि शेवटचं एक सुटं पान. एवढीच जागा. तुझ्या गोष्टीत अठरा प्रसंग आहेत, मी मोजले. आता कळलं ना, कात्री कुठं लागणार ते? पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात, छापखान्यात हिशोब सोळा पानांच्या फॉर्म्यात होतो, म्हणजे तुमचं पुस्तक दीड फॉर्म्याचं. ‘दोन पानं वाढवू या ना’ असं शेवटच्या आठवड्यात म्हणता येत नाही गं. वाढवायची तर चार वाढवावी लागतात, आणि ती चार पानं रंगीत असतात.

डमीत तुझा मजकूर कात्रीनं कापून चिकटव आणि तिला पेन्सिलीनं नुसत्या खुणा करू दे. काड्यांची माणसं चालतील. मग पानं उलटून मोठ्यानं वाच. प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी आला आणि उत्तर पान उलटल्यावर आलं, तर मूल तुझ्याआधी पान ओढतं. तोच प्रश्न डाव्या पानावर राहिला की उत्तर शेजारीच उघडं पडतं, सगळी मजा जाते. मनीचं तोंड नेमकं घडीत येतंय का तेही तेव्हाच दिसतं. चित्र दोन्ही पानांवर सलग पसरायचं असेल तर सगळ्यात निर्धास्त जागा बरोब्बर मधली, बारा-तेरा पानांची. तिथं तो एकच अखंड कागद असतो. बाकी ठिकाणी समोरासमोरची पानं वेगवेगळ्या कागदांवर छापलेली असतात, बांधणीत केसभर इकडेतिकडे झालं की आजीचा हात तुटल्यासारखा दिसतो.

भांडायचं ते या डमीवर भांडा. पेन्सिलीची रेघ खोडायला पैसे पडत नाहीत. तिनं आठ दिवस घालवून रंगवलेल्या पानावर ‘जरा मांजर मोठं कर ना’ म्हणणं हा गुन्हा आहे. तू गोष्ट दोन संध्याकाळी बसून लिहिलीस, तिला एकेका जोडपानाला आठवडा लागू शकतो, हेही लक्षात ठेव. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तिला ‘झालं का’ विचारू नको. तेव्हा दिवाळी अंकांची कामं असतात. मराठीतल्या चित्रकाराला वर्षभराच्या ओळखी आणि बरेचसे पैसे त्याच दिवसांत मिळतात.

तुझी एक सवय मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. तिला गोष्ट पाठवताना सोबत सूचनांची लांबलचक यादी जोडशील. जोडू नको. नुसती गोष्ट दे आणि गप्प बस. काही दिवस तिच्या डोक्यात ती गोष्ट तिच्या परीनं फिरू दे. तुझ्या डोळ्यांपुढची आजी नऊवारीतली असेल, तिची आजी गाऊन घालून टीव्ही बघणारी असेल, आणि कदाचित तिचीच खरी असेल. सूचना तेवढीच द्यायची, जी शब्दांत नाही पण गोष्टीला हवी आहे: ‘शेवटच्या पानावर मनीला पिल्लं झालेली दिसायला हवीत, मी ते लिहिलेलं नाही.’ आणि मोबाईलवर एआयकडून चित्र बनवून ‘अशी काहीतरी शैली हवी’ म्हणून तर मुळीच पाठवू नको. चित्रकाराला त्याहून अपमानकारक क्वचितच काही वाटत असेल.

माहिती मात्र हवी तेवढी पुरव. गोष्टीतलं घर कोकणातलं आहे ना? मग तिला आजोळच्या घराचे फोटो दे: उतरतं कौलारू छप्पर, पडवी, ओटी, झोपाळा, अंगणातली तुळस. ती सोलापूरकडची. तिच्या डोळ्यांपुढे घर म्हटलं की धाब्याचं घर येणार, मातीच्या जाड भिंतींचं. चूक तिची नाही, सांगायचं राहिलं तर ते तुझं. अशी माहिती देणं आणि चित्र कसं काढायचं हे सांगणं यात फरक आहे, तो तुला चटकन कळेल.

या बाबतीत मला रोआल्ड डाल आणि क्वेंटिन ब्लेक यांचा किस्सा फार आवडतो. १९८२ सालच्या ‘द बीएफजी’चं काम चाललेलं. त्यातला राक्षस आधी उंच काळे बूट आणि कातड्याचा एप्रन घालायचा. ब्लेकनं तसं काढलं. डालला बघून काहीतरी खटकलं. दोघं बसले, बोलले, बूट नकोत हे ठरलं, मग काय हवं ते सुचेना. थोड्या दिवसांनी ब्लेककडे टपालानं एक पुडकं आलं. आत डालची स्वतःची जुनी, भलीमोठी सँडल! तीच राक्षसाच्या पायात गेली, आणि डालनं मजकूर बदलून त्यात सँडल घातली. बघ हं, चित्र पाहिल्यावर लेखकानं स्वतःचं वाक्य बदललं. एवढ्या नावाजलेल्या माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही.

याच्या अगदी उलट तऱ्हाही आहे. ‘द ग्रफलो’ तुझ्या भाचीकडे आहे, बघितलं असशील. १९९९ सालचं पुस्तक, ज्युलिया डोनाल्डसनचं लेखन आणि आक्सेल शेफलरची चित्रं. इतकी वर्षं एकत्र पुस्तकं करूनही या दोघांचं कामापुरतं बोलणं बहुतेक संपादकामार्फत होतं. ग्रफलोची सुरुवातीची चित्रं फार भयानक वाटली, तर ते चित्रकाराला सांगितलं संपादकानं. लेखिकेनं फोन करून ‘माझा ग्रफलो असा नाही’ म्हटलं नाही. आपल्याकडे छोट्या पुस्तकाला असा मधला माणूस बहुधा मिळतच नाही. प्रकाशकाकडे वेळ नसतो आणि तुम्ही दोघी मैत्रिणी, म्हणजे भीड. तेव्हा तिसरं कुणीतरी आधीच ठरवून ठेवा, दोघींना मान्य असलेलं. अडलं की त्या माणसाकडे जायचं आणि तो माणूस म्हणेल ते ऐकायचं. तुझ्या नवऱ्याचं नाव सुचवू नकोस. तिच्याही नको.

भांडण म्हणजे काय ते बघायचं तर लुइस कॅरल आणि जॉन टेनियल यांचं बघ. कॅरलनं ॲलिसची गोष्ट आधी हातानं लिहून, स्वतःच चित्रं काढून एका लहान मुलीला भेट दिली होती, १८६४ साली. पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा आपल्या चित्रांवर भागणार नाही हे त्याला कळलं आणि तो गेला टेनियलकडे. टेनियल ‘पंच’ साप्ताहिकाचा नावाजलेला व्यंगचित्रकार. त्यानं ४२ चित्रं काढली. १८६५ मध्ये दोन हजार प्रती छापून झाल्या, आणि टेनियलनं कळवलं, माझी चित्रं वाईट छापली आहेत. छपाईचा खर्च कॅरलनं पदरचा केला होता. तरी त्यानं ती आवृत्ती मागं घेतली आणि दुसऱ्या छापखान्याकडून पुन्हा छापून घेतली. तू घेतली असतीस? मी नसती घेतली कदाचित. ‘वाचणाऱ्या मुलाला काय कळतंय’ म्हणून पुढं गेले असते.

गोष्ट इथंच संपत नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी कॅरलनं एक प्रसंग लिहिला होता, केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचा. १८७० मध्ये टेनियलनं स्पष्ट लिहून कळवलं की हा भाग मला रुचत नाही आणि याचं चित्र कसं काढावं तेही मला दिसत नाही, पुस्तक आखूड करायचं असेल तर हाच काढा. कॅरलनं काढला. तो मजकूर इतका नाहीसा झाला की त्याची प्रुफं थेट १९७४ साली लंडनच्या लिलावात वर आली. लेखकाला चित्रकारानं ‘हे पान नको’ म्हणावं आणि लेखकानं ऐकावं, असंही होतं. तुझ्या मैत्रिणीलाही हा हक्क आहे. ‘मला या प्रसंगात काही दिसत नाही’ असं ती म्हणाली तर तिच्या कल्पनाशक्तीला दोष देण्याआधी तो प्रसंग परत वाच. बऱ्याचदा तिथं नुसतं बोलणंच बोलणं असतं.

पण म्हणून प्रत्येक वेळी मान तुकवायची असंही नाही हं. याच कॅरलच्या ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’ या दीर्घ कवितेसाठी हेन्री हॉलिडेनं चित्रं काढली, १८७६ मध्ये. त्यानं त्या न दिसणाऱ्या, भयंकर प्राण्याचंही एक चित्र काढलं. कॅरलला ते आवडलं, आणि तरीही त्यानं ते घेतलं नाही. त्या प्राण्याची कुणाला कल्पनाच करता येऊ नये, हेच तर त्याला हवं होतं. काय दाखवायचं नाही, हे ठरवण्याचा हक्क तू राखून ठेव. तुझ्या गोष्टीतला अंधारातला ‘बागुलबुवा’ काढायचा नाही, यावर मी तुझ्या बाजूनं उभी राहीन.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर ‘भीमायन’ मिळव कुठूनतरी. नवयान प्रकाशनानं २०११ साली काढलेलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं चित्रमय पुस्तक. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची. कॉमिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चौकटी येतात. या दोघांनी आपल्या माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. गोंड घरांच्या भिंतींवर, जमिनीवर काढतात त्या ‘डिगना’ नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानभर फिरतात आणि त्याच प्रसंग वेगळे करतात. बोलण्याचे फुगे तर बघतच राहावेत असे. प्रेमानं, साधेपणानं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. आणि जिथं जातीचं विष आहे तिथं फुग्याला विंचवाची नांगी. लहानग्या भीमाला पाणी नाकारणाऱ्याच्या तोंडातून नांगी बाहेर येते, आणि चवदार तळ्याची गोष्ट ज्यानं शाळेत नुसती सन-तारखेसकट पाठ केली, त्याला ते पान बघून पहिल्यांदा टोचतं. असा फुगा लेखकाला टेबलाशी बसून सुचला नसता. लिहिणाऱ्यांनी चौकटींचा आग्रह धरला असता तर पुस्तक झालं असतं, पण हे झालं नसतं.

घरच्याच कपाटातलं म्हणशील तर पुलंचं ‘अपूर्वाई’ काढ आणि शि. द. फडणीसांची चित्रं परत बघ. फडणीस म्हणजे शब्दांवाचून हसवणारा माणूस, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही ज्यानं पोरांना हसवलं. शब्दांचा एवढा राजा आणि रेषेचा एवढा राजा एका पुस्तकात, आणि एकानं दुसऱ्याच्या पायावर पाय दिलेला नाही. माधुरीताई पुरंदऱ्यांची पुस्तकंही बघ, जरूर बघ, पण त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांचं भांडण त्यांच्याशीच होत असणार. तुझी परिस्थिती वेगळी.

आता थोडं कडू. पैसे.

‘आम्ही मैत्रिणी आहोत, आमच्यात पैशाचं काय’ हे वाक्य मी अनेकींच्या तोंडून ऐकलंय आणि त्यातल्या बऱ्याच जणी आता एकमेकींच्या कार्याला जात नाहीत. पहिली रेघ काढायच्या आधी बोला. आपल्याकडे सर्रास काय चालतं, तर लेखकाला विक्रीवर रॉयल्टी आणि चित्रकाराला एकदाच रक्कम हातावर ठेवून रामराम. पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या तरी तिच्या हाती नवा पैसा नाही. चित्रांवर चालणाऱ्या पुस्तकात हे मला न्याय्य वाटत नाही. प्रकाशक दहा टक्के देणार असेल तर पाच-पाच घ्या आणि तिच्या हाती आगाऊ रक्कमही पडेल असं बघा, कारण महिनोन् महिने तिचं काम आहे, रंग-कागदाचा खर्च तिचा आहे. किती वेळा दुरुस्त्या करायच्या, मधेच काम थांबलं तर झालेल्या कामाचे किती, हेही लिहा.

आणि मूळ चित्रं कुणाची? तिची. पुस्तकात छापायची परवानगी वेगळी आणि तो कागद वेगळा. उद्या तिला प्रदर्शन भरवायचं असेल, एखादं चित्र विकायचं असेल, तर तुझी परवानगी लागता कामा नये. कायदा मात्र इथं थोडा वाकडा आहे, म्हणून सांगते. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात तुझा मजकूर आणि तिची चित्रं या दोन स्वतंत्र कलाकृती धरल्या जातात, हे चांगलंच आहे. पण मोबदला देऊन, सांगून करून घेतलेल्या रंगचित्राबाबत वेगळा करार नसेल तर काम सांगणाराच पहिला मालक ठरू शकतो. म्हणजे तोंडी सगळं गोड ठेवलंत आणि कागदावर काहीच नसलं, तर हक्क तिच्या हातून नकळत सुटू शकतात. हक्क लिहून द्यायचे असतील तर तेही लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा एक पान पुरेल, साध्या मराठीत: कोणत्या भाषांत, किती वर्षं, ई-पुस्तकाचं काय, उद्या कुणी मनीचं कॅलेंडर किंवा कार्टून काढायला निघालं तर विचारायचं कुणाला. मनी दोघींची आहे, हे मी लिहिलं असतं.

नावाचंही तसंच. मुखपृष्ठावर दोघींची नावं, एकाच आकाराच्या अक्षरांत. एका पुस्तकात चित्रकाराचं नाव मुद्रकाच्या पत्त्याखाली, भिंग घेऊन शोधावं असं छापलेलं मी पाहिलंय. पुस्तक पोरांनी उचललं होतं ते त्या चित्रांमुळे. २०१६ मध्ये ‘बिग लिटिल बुक’ पुरस्कार सुरू झाला तेव्हा आयोजकांनी लेखनाला वेगळा आणि चित्रांना वेगळा पुरस्कार ठेवला. पहिल्या वर्षी लेखनाचा माधुरी पुरंदऱ्यांना मिळाला, चित्रांचा अतनु राय यांना. नाव घेताना दोघांची घ्यायची, एवढं तरी त्यातून आपल्याकडच्या प्रकाशकांनी उचलावं.

कौतुक कसं करायचं आणि खोट कशी काढायची, यावर दोनच गोष्टी. ‘मजा नाही आली’ हे तिला सांगून काही उपयोग नाही. ‘मनी कुठंय ते मला दिसायला वेळ लागला’ हे सांग. उपाय सुचवू नको, अडचण सांग, उपाय ती काढेल. आणि कच्ची चित्रं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाहीत. तुझी आत्या म्हणेल आजी फार काळी झालीय, काका म्हणतील कंदील जुना वाटत नाही, आणि तू ते सगळं रात्री अकरा वाजता व्हॉइस मेसेजमधून तिच्या डोक्यात ओतशील. त्यापेक्षा डमी घेऊन खालच्या मजल्यावरच्या बालवाडीत जा. वाचून दाखव आणि पोरांकडे बघ. कुठल्या पानावर बोटं पुढं येतात, कुठल्या पानावर चुळबुळ सुरू होते. ती पोरं तुमच्या दोघींचं मन राखणार नाहीत.

अक्षरांकडे दोघींनीही लक्ष द्या, इथं घात होतो. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, त्यामुळे ओळींत जागा जास्त लागते. तिनं चित्रात मजकुरासाठी शांत मोकळी जागा ठेवली नसेल तर अक्षरं आंब्याच्या पानांत हरवतात. मजकूर चित्रातच रंगवून टाकू नका, वेगळा ठेवा. नाहीतर एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला अख्खं चित्र उघडावं लागेल, आणि कुणी हिंदी किंवा कोंकणी आवृत्ती काढायला निघालं तर अडेल. छापखान्याकडे जाताना तुझा युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला गेला तर ‘ऱ्या’ तुटतो, जोडाक्षरं सुटतात, आणि चित्रकाराला ते दिसणार नाही कारण ती चित्र बघत असते. शेवटचं प्रूफ तूच, अक्षर अन् अक्षर वाच. रंगाचं प्रूफ ती बघेल. पडद्यावर दिसतो तो निळा कागदावर मळका होतो. म्हणून शक्य झालं तर छपाईच्या दिवशी तिला छापखान्यात घेऊन जा आणि रिक्षाचे पैसे तू दे.

किती प्रती छापायच्या याची धास्ती घेऊ नको. बिअट्रिक्स पॉटरला प्रकाशकांनी नकार दिला तेव्हा तिनं ‘पीटर रॅबिट’च्या २५० प्रती स्वतःच्या पैशांनी छापल्या होत्या, १९०१ च्या डिसेंबरात. लहान हातांत मावावं म्हणून आकारही लहान ठेवला होता. पुढच्याच वर्षी प्रकाशकानं ते छापून काढलं. लेखन आणि चित्रं दोन्ही तिची एकटीची होती, तुम्ही दोघी आहात, खर्च वाटला जाईल.

तर आता असं कर. गोष्टीची नवी प्रत काढ, निम्मी झालेली. तिला दे. त्याच दिवशी पैशांचं आणि हक्कांचं बोल, चहा संपायच्या आत. डमी झाली की मला बघायला आवडेल, पण पाठवण्याआधी तिला विचार. ती नको म्हणाली तर छापून आल्यावर विकत घेईन.